शंभर मैलांचे वेड आणि बाबांची बुलेट

गेल्या श्रावणातली गोष्ट. शाळा सुटून तासभर झाला असेल. मी कार्यालयात हजेरीपटांचे गोषवारे तपासत बसलो होतो. एवढ्यात फाटकाबाहेर एक मोटारसायकल येऊन थांबली. खरे म्हणजे आधी तिचा आवाज आला आणि मग ती आली. शिपाईमामा घाईघाईने आत येऊन म्हणाले, "सर, तुमच्याकडंच आलाय. आपल्याच शाळेचा हाय म्हणतोय."

बाहेर जाऊन पाहतो तो आठ-नऊ वर्षांपूर्वीचा माझा एक विद्यार्थी. दहावीला गणिताने त्याला दोनदा अडवले. पुढे तो उद्यमबागेत लेथवर लागला आणि आता संध्याकाळी स्वतःचे छोटेसे गॅरेजही चालवतो. त्याच्या बाजूला उभी होती ती गाडी मात्र विलक्षण होती. हँडल नेहमीच्या जागेहून वीतभर खाली. टाकी लांबट. सीट एकाच माणसाची, आणि तिला मागे उंटासारखा उंचवटा. पुढचा मडगार्ड नाहीच.

"ओळखलासा काय, सर?"

"अरे, न ओळखायला काय झालं? मागच्या बाकावर बसायचास."

"मला नव्हे ओ सर, गाडीला."

मी पुन्हा पाहिले. इंजिनाच्या उजव्या अंगाला गिअर, त्याच्या जवळ न्यूट्रल काढायची ती छोटी दांडी. आणि एकदम पोटात कसेसे झाले. ती माझ्या बाबांची बुलेट होती. बाबा आरोग्य खात्यात होते. खानापूर तालुक्यातली खेडी त्यांनी याच गाडीवरून पालथी घातली होती. ते गेल्यावर २०११ साली मीच ती भंगारवाल्याला देऊन टाकली होती.

पोरगा कागद घेऊन आला होता. मूळ मालक वारला असला की गाडी नावावर करताना वारसाची सही लागते. ती सही त्याला हवी होती. मी कागद हातात घेतला नाही. "ही गाडी माझ्या वडलांची होती. तिची ही दशा करायला तुला सांगितलं कुणी?" असे काहीतरी मी बोललो. त्याने ऐकून घेतले. "भंगारात होती, सर. वजनावर घेतली," एवढेच म्हणाला. मग त्याने गाडी सुरू केली नाही. हाताने ढकलत शाळेच्या कोपऱ्यापर्यंत नेली आणि तिथे किक मारली.

माझ्या रागाला आणखी एक कारण होते, तेही सांगायला हवे. त्याआधी दोन वर्षे आमच्या शाळेतून नुकताच बाहेर पडलेला एक मुलगा महामार्गावर मोटारसायकलवरून पडून गेला. त्याच्या घरी मी गेलो होतो. तेव्हापासून शाळेच्या आवारात मी मोटारसायकल येऊ देत नाही. मुलांना वेग कसा गिळतो, हे मी पाहिले आहे.

पण त्या रात्री झोप आली नाही. डोळ्यांपुढे राहिले ते त्याचे गाडी ढकलत नेणे. मी इतिहासाचा एम. ए. आहे. एखादी गोष्ट पटली नाही की ती आली कुठून हे पाहण्याची आमची जुनी खोड. ही असली गाडी कोणी, कधी आणि का बनवायला घेतली असेल? वाटले होते, एखाद्या सिनेमातून उचललेले खूळ असेल. शोध घेत गेलो तो पोहोचलो लंडनच्या वेशीवरच्या, ट्रकवाल्यांच्या एका चहाच्या दुकानात.

* * *

लंडनला वळसा घालणाऱ्या नॉर्थ सर्क्युलर रोड या रस्त्यावर १९३८ मध्ये 'एस कॅफे' नावाचे एक उपाहारगृह सुरू झाले. मालवाहू गाड्यांच्या ड्रायव्हरांना रात्री-अपरात्री चहा आणि गरम खाणे मिळावे, एवढाच त्याचा उद्देश. आपल्याकडच्या महामार्गावरच्या ढाब्याचे ते इंग्रजी भावंड म्हणा ना. दुसऱ्या महायुद्धात जर्मन बॉम्बहल्ल्यात ही इमारत सापडली. १९४९ मध्ये ती पुन्हा उभी राहिली.

त्यानंतरच्या दहा वर्षांत ब्रिटनमध्ये जे घडले त्यावाचून पुढची गोष्ट समजणार नाही. १९५० मध्ये पेट्रोलचे रेशनिंग उठले. कारखान्यांना हात कमी पडत होते. त्यामुळे पंधरा-सोळाव्या वर्षी शाळा सोडलेल्या कामगाराच्या पोराच्या हातातही आठवड्याचा पगार खुळखुळू लागला. वस्तू हप्त्याने मिळू लागल्या. मोटारगाडी घेण्याइतकी ऐपत नव्हती, पण मोटारसायकल आवाक्यात आली. शिवाय सक्तीची लष्करी सेवा बंद होत आली होती. १९६० च्या अखेरीस शेवटची भरती झाली. म्हणजे ज्या वयात थोरले भाऊ बराकीत कवायत करीत होते, त्या वयात धाकट्यांना संध्याकाळ मोकळी मिळू लागली.

या पोरांना जायला जागा कुठे होती? दारूच्या गुत्त्यात वय आडवे येई. घरात वडील युद्धाच्या आठवणी सांगत. रात्रभर उघडे असणारे आणि गाड्या लावायला ऐसपैस अंगण असलेले रस्त्यावरचे कॅफे त्यांना आपले वाटले. तिथे जुकबॉक्स होता. नाणे टाकले की आवडीचे गाणे वाजे. रेडिओवर सहसा न मिळणारे रॉक अँड रोल तिथे मिळे. एस कॅफे, वॉटफर्डजवळचा बिझी बी, अशी ठिकाणे ठरून गेली.

एका कॅफेपासून दुसऱ्या कॅफेपर्यंत, किंवा रस्त्यावरच्या अमुक वळणापर्यंत जाऊन परत, अशा शर्यती लागत. एक दंतकथा फार प्रसिद्ध आहे. जुकबॉक्सवर तबकडी लावायची, बाहेर धावत जाऊन गाडीवर बसायचे आणि गाणे संपायच्या आत ठरलेला फेरा मारून परत यायचे. मी सवयीने गणित मांडून पाहिले. ताशी १०० मैल वेगाने तीन मिनिटांत पाच मैल अंतर कापले जाते. परंतु गाडी उभ्यावरून निघणार, मध्ये वळणार आणि शेवटी थांबणार. तेव्हा प्रत्यक्षात अंतर पुष्कळच कमी हवे. दंतकथेत खरेपणा किती हा प्रश्न बाजूला ठेवू. पण ही पोरे वेळेशी कशी झगडत होती, ते तिच्यातून कळते.

ताशी १०० मैल, म्हणजे १६० किलोमीटर, या आकड्याला त्यांच्या बोलीत 'टन' म्हणत आणि तो गाठणाऱ्यांना 'टन-अप बॉईज'. हा आकडाही त्यांनी हवेतून काढला नव्हता. ब्रुकलँड्सच्या धावपट्टीवर शर्यतीत ताशी १०० मैलांच्या वर फेरी मारणाऱ्या स्वाराला सोन्याच्या ताऱ्याचे पदक मिळे. १९३७ मध्ये वॉल हँडली या स्वाराने बी. एस. ए. कंपनीच्या गाडीवर ते मिळवले आणि त्यावरूनच कंपनीने आपल्या पुढच्या गाडीचे नाव 'गोल्ड स्टार' ठेवले. बापाच्या पिढीत जो आकडा धावपट्टीवरच्या मोजक्या वीरांचा होता, तो मुलाच्या पिढीत फिटरच्या, हमालाच्या पोराला रस्त्यावर गाठावासा वाटू लागला.

मुरलेले ट्रकवाले यांची टर उडवीत. तुम्ही कसले शर्यतवीर, तुम्ही नुसते कॅफेपुढचे शर्यतवीर! 'कॅफे रेसर' हे नाव या टवाळीतून आले असे सांगतात. आमच्या इतिहासात तरी हे नवे नाही. शत्रूने हिणवून दिलेले नाव अभिमानाने मिरवणारे लोक पुष्कळ सापडतात.

* * *

आता गाडीच्या त्या रूपाकडे वळतो, कारण मला राग आला होता तो त्या रूपाचाच.

कारखान्यातून आलेली गाडी ताशी ८०-८५ मैल पळे. तिला १०० वर न्यायचे तर काय करायचे? वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. नववी-दहावीच्या मुलांना हे गणित घालायला हरकत नाही. ८० वरून १०० म्हणजे वेग सव्वापट. सव्वाचा घन केला तर जवळजवळ दोन येतात. म्हणजे वीस मैल वाढवायला इंजिनाची शक्ती जवळपास दुप्पट हवी. ती कुठून आणणार? कामगाराच्या पोराकडे तेवढा पैसा नव्हता. मग त्याने दुसरे टोक पकडले. शक्ती वाढवता येत नाही तर विरोध कमी करू.

हँडल काढून त्याजागी दोन आखूड दांड्या पुढच्या नळ्यांनाच आवळल्या. त्यांना 'क्लिप-ऑन' म्हणत. त्यामुळे स्वार टाकीवर ओणवा झाला आणि वाऱ्याला अडणारी छाती खाली गेली. अंग पुढे गेले तर पाय मागे हवेत, म्हणून फूटरेस्ट मागे सरकवले. शिवाय वळणावर गाडी कलली की ते रस्त्याला घासतही नसत. लांबट टाकीवर पोट टेकवता येई. सीटचा मागचा उंचवटा वेग घेताना स्वाराला मागे घसरू देत नसे. मडगार्ड, साखळीवरचे पत्रे, जास्तीचे दिवे, जे जे नसले तरी चालेल ते काढले, कारण वजन म्हणजे वेगाचा वैरी. मला जी विटंबना वाटली होती, तिच्या प्रत्येक तुकड्याला असे कारण होते. नक्षी म्हणून त्यात फारसे काही नव्हतेच.

याची किंमतही होती. गावात हळू चालवताना असल्या गाडीवर मनगटे भरून येतात, कारण छातीला आधार द्यायला समोरून वारा नसतो. आणि ब्रेक? वेग १०० मैलांचा आणि ब्रेक जुन्या धाटणीचे ड्रमचे. तापले की त्यांची पकड सुटे. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे तिचे काम आहे.

या खटपटीतून जन्मलेले सर्वांत गाजलेले वाहन कोणत्याच कंपनीच्या यादीत सापडत नाही. नॉर्टन कंपनीसाठी बेलफास्टच्या मॅककँडलेस बंधूंनी एक सांगाडा तयार केला होता. १९५० मध्ये आयल ऑफ मॅन बेटावरच्या शर्यतीत तो उतरला आणि जेफ ड्यूकने त्यावर मोठी शर्यत जिंकली. हॅरल्ड डॅनियल या स्वाराला तो पिसांच्या गादीसारखा वाटला, म्हणून त्याचे नाव 'फेदरबेड'. रस्ता धरून ठेवावा तो या सांगाड्यानेच. उलट ट्रायम्फ कंपनीचे दोन सिलिंडरांचे इंजिन जोरदार आणि सहज मिळणारे. १९५९ मध्ये तिची ६५० सीसीची 'बॉनव्हिल' आली आणि पोरे तिच्यामागे वेडी झाली. मग कुणीतरी नॉर्टनच्या सांगाड्यात ट्रायम्फचे इंजिन बसवले. ट्रायम्फ अधिक नॉर्टन म्हणून तिचे नाव 'ट्रायटन'.

त्यात गंमत अशी की नॉर्टनचे रिकामे सांगाडे बाजारात आले ते मोटारींच्या शर्यतीमुळे. ५०० सीसीच्या छोट्या शर्यती मोटारी बांधणाऱ्यांना नॉर्टनचे इंजिन हवे असे, पण कंपनी ते सुटे विकत नसे. म्हणून ते अख्खी मोटारसायकल घेत, इंजिन काढून घेत आणि सांगाडा विकून टाकत. एकाचे भंगार ते दुसऱ्याचे भांडवल. 'वजनावर घेतली' हे वाक्य मला इथे आठवले.

ही दोन कुळांची गाडी नुसती मिरवायची नव्हती. डेव्ह डेगन्स या कारागिराने बांधलेल्या ट्रायटनने १९६५ मध्ये बार्सिलोनाची २४ तासांची शर्यत जिंकली. चालवणाऱ्या दोघांपैकी एक तो स्वतःच होता. पॉल डन्स्टॉलने अशा बदलांचे सुटे भाग विकण्याचा व्यवसाय उभारला. रिकमन बंधूंनी आपल्या सांगाड्याला 'मेटिस' हे फ्रेंच नाव दिले. त्याचा अर्थ संकराची, मिश्र रक्ताची. आम्हां सीमाभागातल्या माणसांना हे नाव परके वाटू नये. आमच्या मराठीत कानडी शब्द किती आहेत ते मोजत बसलो तर भाषेचाच सांगाडा सुटा व्हायचा. पण ती चालते, आणि चांगली चालते.

* * *

समाज या पोरांकडे कसा पाहत होता, हा भाग मला शिक्षक म्हणून सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

अपघात होत होते, पोरे मरत होती. हे खोटे नाही. डोक्यावर शिरस्त्राण घालणे ब्रिटनमध्ये सक्तीचे झाले ते १९७३ मध्ये. १९६१ पासून शिकाऊ परवानाधारकाला २५० सीसीपर्यंतचीच गाडी चालवता येऊ लागली. डिसेंबर १९६५ मध्ये मोकळ्या रस्त्यांवर ताशी ७० मैलांची मर्यादा प्रयोग म्हणून आली आणि १९६७ मध्ये कायम झाली. हे नियम आवश्यकच होते.

पण नियमांच्या बरोबरीने दुसरेही एक चालले होते. १९६४ मध्ये क्लॅक्टन, मार्गेट, ब्रायटन या समुद्रकाठच्या गावी चामडी कोटवाले 'रॉकर्स' आणि स्कूटरवरून फिरणारे, नीटनेटक्या कपड्यांतले 'मॉड्स' यांच्यात मारामाऱ्या झाल्या. वर्तमानपत्रांनी जणू यादवी युद्धच पेटल्यासारखी वर्णने छापली. स्टॅन्ले कोहेन या समाजशास्त्रज्ञाने या प्रकरणाचा अभ्यास करून १९७२ मध्ये एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की समाज आपल्या मनातल्या भीतीला एक चेहरा शोधतो, त्या चेहऱ्याला राक्षस ठरवतो, आणि तसे वारंवार सांगितले की पोरेही तशीच वागू लागतात. वाचताना मी क्षणभर पुस्तक मिटले. मागच्या बाकावरच्या मुलांना 'तुमच्या हातून काही व्हायचं नाही' असे वर्षानुवर्षे सांगणारा मनुष्य मीही होतोच.

याच काळात लंडनमध्ये बिल शेरगोल्ड नावाचे एक पाद्री होते. हॅकनी विक या कामगारवस्तीत त्यांच्या चर्चच्या आश्रयाने १९५९ मध्ये तरुणांचा एक क्लब निघाला होता. वर्षावरून त्याचे नाव 'फिफ्टी नाइन क्लब'. शेरगोल्ड स्वतः मोटारसायकल चालवीत. १९६२ मध्ये त्यांनी ठरवले, या कॅफेवाल्या पोरांना प्रार्थनेला बोलवायचे. ते एस कॅफेकडे निघाले. गळ्यातली पाद्र्याची पांढरी पट्टी दिसू नये म्हणून वर रुमाल गुंडाळला. आणि पहिल्या खेपेला त्यांचा धीर खचला. कॅफेसमोरून ते न थांबता तसेच पुढे निघून गेले. मग पुन्हा एकदा गेले. या वेळी थांबले. पोरे त्यांना हसतील, हाकलतील असे त्यांना वाटले होते. पण पोरांनी त्यांच्याभोवती कोंडाळे केले आणि गप्पा सुरू झाल्या.

पुढे पोरे खरोखरच प्रार्थनेला आली, मोटारसायकलींसाठी आशीर्वाद मागितले गेले, आणि क्लबाची मोटारसायकल शाखा उभी राहिली. तिथे चहा-कॉफी होती, जुकबॉक्स होता, बिलियर्डचे टेबल होते. शेरगोल्डनी त्यांना गाड्या सोडायला सांगितले नाही. एक जागा दिली आणि तिथे स्वतः हजर राहिले. हा क्लब आजही आहे.

धर्म कोणताही असो, आमच्या पेशातल्या माणसाला यात शिकण्यासारखे आहे. कॅफेसमोरून न थांबता पुढे जाणारा पाद्री मला फार ओळखीचा वाटला. फरक इतकाच, की तो दुसऱ्यांदा गेला.

* * *

एस कॅफे १९६९ मध्ये बंद झाला. त्याच वर्षी होंडाची ७५० सीसीची चार सिलिंडरांची गाडी आली. तिला बटन दाबले की सुरू होणारे इंजिन होते, पुढे डिस्क ब्रेक होता आणि तेलाचे थेंब गळत नव्हते. गॅरेजमध्ये महिनोन्महिने खपून जो वेग मिळवायचा, तो आता दुकानातच मिळू लागला. ब्रिटनचे मोटारसायकलींचे कारखाने एकामागून एक कोसळले. मेरिडनच्या ट्रायम्फ कारखान्यात कामगारांनी १९७३ मध्ये ठाण मांडले, पुढे सहकारी तत्त्वावर तो चालवला, पण १९८३ मध्ये तोही बंद पडला. हाताने गाडी बदलणाऱ्या पोरांचे ते युग संपले, असेच कुणीही म्हणाले असते.

आणि इथेच बाबांच्या बुलेटचा धागा येऊन मिळतो.

रॉयल एनफिल्ड ही इंग्लंडातल्या रेडिच गावची कंपनी. १९५५ मध्ये मद्रास मोटर्सबरोबर भागी करून 'एनफिल्ड इंडिया' निघाली आणि मद्रासजवळ तिरुवोट्टियूरला ३५० सीसीची बुलेट जुळवली जाऊ लागली. पुढे तिचे भागही इथेच बनू लागले. तिकडे रेडिचमध्ये याच कंपनीने कॅफेवाल्या पोरांकडे पाहून १९६४ च्या अखेरीस 'कॉन्टिनेन्टल जीटी' नावाची २५० सीसीची गाडी काढली. खाली झुकलेली हँडले, लांबट लाल टाकी, उंचवट्याची सीट, पाच गिअर. सगळा थाट कारखान्यातूनच तयार. आकडा २५० का, तर शिकाऊ परवान्याची मर्यादा तेवढीच होती. जाहिरातीसाठी स्वारांनी पाळीपाळीने ती ब्रिटनच्या उत्तर टोकापासून दक्षिण टोकापर्यंत २४ तासांच्या आत नेली. पण कंपनी वाचली नाही. रेडिचचा कारखाना १९६७ मध्ये बंद झाला आणि १९७० मध्ये इंग्लंडातले उरलेसुरले कामही थांबले.

मुळावर घाव बसला, पण इकडे लावलेली फांदी जगली. मद्रासची बुलेट चालतच राहिली. १९७७ पासून तर ती उलट इंग्लंडला जाऊ लागली. १९९४ मध्ये कंपनी आयशरकडे आली. त्याच १९९४ साली, एस कॅफे बंद पडल्याला २५ वर्षे झाली म्हणून मार्क विल्समोर या गृहस्थांनी जुन्या स्वारांचा मेळावा भरवला, आणि २००१ मध्ये कॅफे पुन्हा सुरू झाला. २०१३ मध्ये भारतात बनलेली ५३५ सीसीची नवी 'कॉन्टिनेन्टल जीटी' जगापुढे आली ती त्याच एस कॅफेत. १९६० च्या दशकात जे इंग्रज पोरांनी आपल्या अंगणात घडवले, ते चेन्नईच्या कामगारांनी घडवून त्यांच्याच अंगणात नेऊन उभे केले. २०१८ मध्ये दोन सिलिंडरांची ६५० सीसीची आवृत्ती आली.

म्हणजे माझा विद्यार्थी परक्याचे काही उचलून आणीत नव्हता. एकाच घराण्याच्या दोन फांद्यांची गाठ त्याने आपल्या गॅरेजात घातली होती, आणि त्याला हे बहुधा ठाऊकही नव्हते.

* * *

गणपती झाल्यावर एका रविवारी मी उद्यमबागेच्या बाजूला त्याचे गॅरेज शोधत गेलो. खरे सांगायचे तर पहिल्यांदा मीही समोरून पुढे निघून गेलो. कोपऱ्यावर चहा घेतला आणि परत आलो.

त्याने स्टूल पुसून दिले. बाबांची बुलेट आत उभी होती. मी इकडचे तिकडचे बोललो नाही. "ब्रेकचं काय केलंयस?" एवढेच विचारले. त्याचा चेहरा उजळला.

"आधी ब्रेकच केला, सर. मग बाकीचं." पुढच्या चाकाला त्याने डिस्क बसवली होती. पट्टी कुठे बसते, नळी कुठून येते, सगळे दाखवले. जुना ड्रम का पुरत नाही हे त्याने मला जसे समजावले, तसे मी त्याला गणित कधी समजावले होते का, असा विचार मनात आला.

मग मी कायद्याचे बोलणे काढले. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल मी वाचून गेलो होतो. कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत पाहिजे तसा बदल करून गाडी रस्त्यावर नोंदवता येत नाही. मोठ्या आवाजाचे सायलेन्सर तर शहराशहरांत पोलीस रोलरखाली चिरडतात. "मी सही करीन, पण खोट्यावर करणार नाही. तपासणीला एक रूप आणि रस्त्यावर दुसरं, असं चालायचं नाही. आणि परवाच्या पोराचं घर मी पाहून आलोय," मी म्हणालो.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग कोपऱ्यातली दोन गोणपाटाची पोती ओढून आणली. एकात मूळ हँडल, मडगार्ड, सायलेन्सर. प्रत्येक वस्तू तेल लावून वर्तमानपत्रात गुंडाळलेली. "कापलं काही नाही, सर. सांगाड्याला करवत लावली नाही. सगळं बोल्टावर हाय. आठ दिवसांत पहिल्यासारखी करतो."

दुसऱ्या पोत्यात बाबांची टाकी होती. गंजाचे डाग होते, पण सोनेरी रेघा अजून दिसत होत्या. त्याने ती वळवून दाखवली. खालच्या बाजूला, गुडघ्याच्या रबराजवळ, कंपासच्या टोकाने कोरलेली माझी अद्याक्षरे होती. सातवीत असताना कोरली होती आणि त्याबद्दल बाबांचा मार खाल्ला होता. वस्तू आपल्या खुणेची करून घ्यावी, हे खूळ कुणा एका पिढीचे नसावे.

मी सही केली. ठरले ते असे: आवाज मूळ सायलेन्सरचा, दोन्ही मडगार्ड जागेवर, टाकी बाबांची. डिस्क ब्रेक मला सोडवत नाही आणि तो तर सोडायलाच तयार नाही. त्याची रीतसर परवानगी मिळते का हे दोघांनी कार्यालयात जाऊन विचारायचे. तोवर गाडी गॅरेजातच. जानेवारीत शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात तो येऊन वारा, वेग आणि ब्रेक यांवर मुलांशी बोलणार आहे. मोटारसायकल आवारात आणू नये हा माझा नियम त्या दिवसापुरता शिथिल होईल; ती ढकलत आणायची आहे.

खाली झुकलेल्या हँडलाचा वाद मात्र अजून मिटलेला नाही. तो म्हणतो, एकदा बसून तर बघा, सर. माझी कंबर आता तेवढी वाकत नाही, असे मी सांगून पाहिले आहे.